निराधारच्या अर्जाला नणंद कशाला?

बीड जिल्ह्यातील एका तालुक्याच्या दुय्यम निबंधक कार्यालयात त्या दुपारी जे घडले, ते अजून मनातून जात नाही. एकल महिलांच्या घराच्या हक्काचे काम मी करते. खेड्यात बेघर होणे म्हणजे पुरात घर वाहून जाणे किंवा कर्जापायी जप्ती येणे, असे बाहेरच्यांना वाटते. प्रत्यक्षात नवरा गेलेल्या बाईचे छप्पर बहुतेक वेळा कागदावर जाते आणि ते तिला ऊसतोडीहून परतल्यावर, खोलीला दुसऱ्याचे कुलूप दिसल्यावर कळते.

सकाळी बचत गटाच्या अध्यक्ष अक्कांचा फोन आला. गटातल्या एका विधवा बाईंना त्यांचे दीर ‘निराधारच्या पगाराच्या कागदासाठी’ तालुक्याला घेऊन गेले होते. "पण ताई, संगं सासू हाय, नणंद हाय, अन् पोराचं आधारकार्ड बी नेलंय," असे अक्का म्हणाल्या, आणि तेवढ्यावरच मी निघाले. संजय गांधी निराधार योजनेच्या अर्जाला नणंदेची सही लागत नाही. सासू, नणंद आणि सून एकाच दिवशी एकत्र लागतात त्या हक्कसोडपत्राला, म्हणजे मिळकतीतला आपला हिस्सा सोडून देण्याच्या दस्ताला. हे अक्कांना ठाऊक होते, कारण ‘उमेद’ या राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाच्या गटांत आम्ही बचतीच्या हिशेबाबरोबर हे कागदही वाचून दाखवतो. गावातली कोणती बाई कोणाबरोबर, कोणत्या गाडीने गेली, हे कळणारी यंत्रणा सरकारकडे नाही. ती शेजारणींकडेच असते.

मी पोहोचले तेव्हा दस्तलेखकाच्या टेबलावर सह्या झाल्या होत्या, आत जाऊन अधिकाऱ्यासमोर कबुली द्यायची राहिली होती. दस्तात नेहमीचीच वाक्ये होती: राजीखुशीने, विनामोबदला, कोणाच्याही दबावाशिवाय. मी काही समजावण्याऐवजी शेवटचे पान त्यांच्यापुढे धरले आणि मिळकतीचे वर्णन त्यांनाच वाचायला सांगितले. सातवीपर्यंत शिकलेल्या त्या बाई अक्षरावर बोट ठेवून वाचू लागल्या. आधी शेताचा गट नंबर आला, मग ग्रामपंचायत मिळकत क्रमांक, पत्र्याची खोली, पुढची मोकळी जागा. चतुःसीमेत पूर्वेला मारुतीच्या देवळाचा रस्ता आला तेव्हा बोट थांबले. "हे तर माझं घर हाय," एवढेच त्या म्हणाल्या.

त्याच दस्तात अल्पवयीन मुलाचा हिस्साही आईच्या सहीने सोडलेला होता. न्यायालयाच्या परवानगीशिवाय आईलाही तसे करता येत नाही, हे दस्तलेखकाला माहीत नसेल असे मला वाटत नाही. दिरांनी आवाज चढवला. तोवर गटाच्या बाया काळीपिवळीतून उतरल्या आणि काही न बोलता बाईंच्या मागे उभ्या राहिल्या. आत कर्मचाऱ्याने प्रश्न विचारण्याआधीच अंगठ्याचे यंत्र पुढे सरकवले. ही घाई मी अनेकदा पाहिली आहे आणि ती मला अक्षम्य वाटते, कारण दस्तातला मजकूर मान्य आहे का, हा एकच प्रश्न नीट विचारला तर कितीतरी बायका वाचतील. बाईंनी अंगठा दिला नाही. मान्य नाही, असे त्यांनी अधिकाऱ्यांना स्पष्ट सांगितले. कबुली नाकारल्यावर दस्त नोंदवता येत नाही. तो तसाच परत आला.

पुढचे काम ग्रामपंचायतीतले. हिंदू उत्तराधिकार कायद्यानुसार मृताची विधवा, मुले आणि आई हे सारेच पहिल्या वर्गाचे वारस. त्यामुळे नमुना ८ वर, म्हणजे ग्रामपंचायतीच्या घरांच्या कर आकारणी नोंदवहीत, सून, नातू आणि सासू अशी तिघांचीही नावे लागली. सासूबाईंचे नाव आयुष्यात प्रथमच घरावर आले, तेही सुनेच्या अर्जामुळे. गटाने अडल्यानडल्यांसाठी ठेवलेल्या निधीतून पत्रे बदलले. आता घरकुलासाठी जागेचा पुरावा आहे. तो नसता तर अनुदान मंजूर होऊनही बांधायचे कुठे, हा प्रश्न राहिला असता. जागा खरेदीसाठी अर्थसाहाय्याची योजना आहे, पण गावठाणात विधवेला जागा विकायला तयार होणारा माणूस योजनेतून मिळत नाही. आमच्या मासिक अहवालात मंजूर घरकुलांचा रकाना असतो. घराबाहेर पडण्यापासून वाचलेल्या बाईसाठी रकाना नाही, म्हणून निधी देणाऱ्यांना हे काम दिसत नाही, याची मला चीड येते.

माझा प्रश्न मात्र सुटलेला नाही. सातबाऱ्यावर वारस नोंदीचा अर्ज द्यायला बाई तयार नाहीत. "घर ऱ्हायलं ना ताई. त्याच गल्लीत नांदायचंय," असे त्या म्हणतात. दीर आता बोलत नाहीत, पण पाण्याची पाइपलाइन त्यांच्याच अंगणातून येते. शेताचा हक्क मागितला तर शेजार तुटेल आणि शेजार तुटला तर घरात राहणे अवघड होईल, हा त्यांचा हिशेब मला खोडता येत नाही. स्वतःच्या हिश्श्याबाबत त्यांनीच ठरवावे. मुलाची नोंद मात्र लांबू नये, असे माझे ठाम मत आहे. ते मी गटाच्या पुढच्या बैठकीत, अक्कांच्या आणि सासूबाईंच्या समोर मांडणार आहे.