कोळसा खाण वाढणार म्हटलं की आधी जुनं ईसी लेटर (पर्यावरण मंजुरीचं पत्र) काढा : माझा अनुभव

आमचं वावर वणी पट्ट्यात, कोळशाच्या गाड्या जातात त्या रस्त्याला लागून. खाणीच्या कंपनीचं नाव लिहीत नाही, तिच्याविरुद्धचं मॅटर अजून चालू आहे आणि वकिलाने तसं बजावलंय. पण प्रोसेस लिहितो, कारण यवतमाळ-चंद्रपूरकडचे बरेच जण विचारतात की भाऊ नेमका अर्ज कुठे टाकला, आणि फोनवर सांगायला बसलं की अर्धा तास जातो.

त्रास काय ते इकडच्यांना सांगायची गरज नाही. पऱ्हाटी फुटली की बोंडावर काळी धूळ बसते. वेचणीला आलेल्या बाया सांजच्याला हात धुतात तर पाणी शाईसारखं. जिनिंगवर व्यापारी गाडीत कोपरापर्यंत हात घालून आतला मूठभर कापूस काढतो, उजेडात धरतो, तोंडाने काही बोलत नाही, सरळ भाव पाडतो. शिवाय ब्लास्टिंगने भिंतीला तडे आणि विहीर उन्हाळ्याआधीच तळाला. निवेदनं आम्ही खूप दिली. निवेदनावर शिक्का मिळतो, पेपरात फोटो येतो, पुढे काही नाही.

मग कळलं की खाणीचं उत्पादन वाढवायचा प्रस्ताव गेलाय. गावात लगेच सुरू झालं की जनसुनावणीत बघून घेऊ. पण मला शंका होती म्हणून वाचत बसलो, तर कोळसा खाणींसाठी केंद्राने आधीच सवलती देऊन ठेवल्या होत्या, आणि मे 2022 मध्ये तर अशी काढली की ज्यांनी 40 टक्के वाढ आधीच घेतलीये त्यांना त्याच लीजमध्ये 50 टक्क्यांपर्यंत जायला नवीन जनसुनावणीच नको. म्हणजे ज्याच्या घराला तडे जाणार त्याला विचारायचंच नाही! आमच्याकडे सुदैवाने सुनावणी लागली. 2006 च्या ईआयए (पर्यावरणावरच्या परिणामांच्या अभ्यासाच्या) अधिसूचनेप्रमाणे 30 दिवस आधी पेपरात नोटीस, प्रकल्पाचा सारांश मराठीत, कलेक्टर किंवा त्यांचा अधिकारी अध्यक्ष. पण तिला कोरम नसतो, दहा माणसं आली तरी सुनावणी झाली असंच धरतात. आणि मांडवात नोकरी पाहिजे म्हणणारी पोरं एकीकडे, आम्ही दुसरीकडे, मधे पोलीस. कोणाला चूक म्हणणार, त्या पोरांचंही वावर खाणीतच गेलंय.

सुनावणीत बोला, पण भाषण देऊन खाली उतरू नका. लेखी हरकत द्या, पोच घ्या, आणि शेवटी इतिवृत्त तिथेच मराठीत वाचून दाखवायचं असतं ते वाचल्याशिवाय उठू नका. आम्ही बसून राहिलो, म्हणून विहिरींचा मुद्दा त्यात आला, नाहीतर सुटलाच होता.

खरा उपयोग झाला तो मात्र जुन्या ईसी लेटरचा. केंद्राच्या परिवेश पोर्टलवर, जिथे पर्यावरण मंजुऱ्यांची कागदपत्रं असतात, शोधलं, सापडलं. त्यात कंपनीने मान्य केलेल्या अटी एकाखाली एक लिहिलेल्या असतात, गाड्या ताडपत्रीने झाकून न्यायच्या, रस्त्यावर पाणी मारायचं, आजूबाजूच्या विहिरींची पातळी मोजायची, झाडांचा पट्टा लावायचा. दर सहा महिन्याला कंपनी याचा पालन अहवाल देते. 10 रुपयांची आरटीआय टाकून केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या नागपूरच्या प्रादेशिक कार्यालयातून ते अहवाल मागवले, पानाला 2 रुपये. त्यात सगळ्या अटींपुढे ‘पालन होत आहे’. झाडांचा पट्टा जिथे दाखवलाय तिथे ओबीचा, म्हणजे कोळशावरून काढलेल्या माती-दगडाचा ढीग उभा आहे, आणि विहीर मोजायला आमच्याकडे कोणी फिरकलेलं गावात कोणाला आठवत नाही.

आता मुद्द्याची गोष्ट. विस्ताराची फाईल पुढे जायला जुन्या अटी पाळल्याचा सर्टिफाईड रिपोर्ट लागतो. म्हणजे एरवी कंपनी तुम्हाला गेटवरून परत पाठवते, पण वाढ मागताना तिला जुना हिशोब द्यावाच लागतो. आम्ही प्रत्येक अटीचा नंबर टाकला, समोर कंपनीने काय लिहिलं, त्याच्या समोर आमचा तारीखवाला फोटो, आणि नागपूरला रजिस्टर एडीने पाठवलं. धूळ वाईट आहे असं लिहिलं तर ते निवेदन होतं, अमुक नंबरची अट पाळली नाही असं लिहिलं तर अधिकाऱ्याला उत्तर द्यावं लागतं. पाहणीला माणसं आली तेव्हा रस्त्यावर टँकर अर्थातच सकाळपासून फिरत होता (असा स्वच्छ रस्ता आम्ही पुन्हा पाहिला नाही). पण ओबीचा ढीग काही एका रात्रीत हलत नाही. तो रिपोर्टात आला.

ब्लास्टिंगचंही तसंच. घर हादरतं म्हणून चालत नाही. खाण सुरक्षा महासंचालनालयाच्या 1997 च्या परिपत्रकात आकडे आहेत, कंपनीच्या मालकीची नसलेली साधी घरं असली आणि कंपनं 8 हर्ट्झच्या खालची असली तर त्यांच्या वेगाची मर्यादा 5 मिलिमीटर प्रति सेकंद. हा आकडा अर्जात टाकून आमच्या भिंतीपाशी मशीन लावून मोजा म्हटलं.

भरपाईसाठी पुण्याच्या हरित लवादात, म्हणजे पर्यावरणाच्या खटल्यांच्या न्यायाधिकरणात गेलो. त्याचा 2010 चा कायदा आहे, कलम 15 खाली नुकसानभरपाई मागायला पाच वर्षांची मुदत, नुसता वाद न्यायचा तर कलम 14 आणि सहाच महिने, हे बघून घ्या, इथेच लोक अडकतात. दुसरं, लवाद कंपनीला पर्यावरण भरपाई लावतो तेव्हा पैसा साधारणपणे प्रदूषण मंडळाकडे जातो, शेतकऱ्याच्या खात्यात नाही. स्वतःला पाहिजे असेल तर स्वतःचं नुकसान सिद्ध करावं लागतं. आमच्या कामी आली ई-पीक पाहणी, कारण त्यामुळे सातबाऱ्यावर कापूस लागला होता. ज्यांनी कंटाळा केला त्यांच्या सातबाऱ्यावर पीकच नाही, मग कशाची भरपाई मागता असं विचारतात. भाव पाडलेल्या जिनिंगच्या पट्ट्या (पावत्या) सुद्धा जोडल्या.

कोणीतरी म्हणेल मानवी हक्कांचा मुद्दा घ्यायचा ना. घेतला. पण आपल्याकडे कंपन्यांसाठी 2019 ची जबाबदार व्यवसायाची मार्गदर्शक तत्त्वं आहेत ती ऐच्छिक. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने मोठ्या हजार लिस्टेड कंपन्यांना 2022-23 पासून बीआरएसआर नावाचा, व्यवसायाच्या जबाबदारीचा रिपोर्ट बंधनकारक केलाय, त्यात स्थानिक लोकांच्या तक्रारी किती आल्या हा रकाना असतो. आमच्या कंपनीने तिथे शून्य टाकलंय, आमच्याकडे त्यांच्याच गेटच्या शिक्क्याच्या पोचा आहेत, दोन्ही जोडून वकिलाला दिलंय. सुप्रीम कोर्टाने 2024 मध्ये हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून संरक्षण हा संविधानाच्या कलम 14 आणि 21 मधला हक्क मानलाय, तोही अर्जात आहे. गंमत म्हणजे तो निकाल माळढोक पक्ष्याच्या केसमधला.

सध्याची स्थिती अशी की वाढीव टनांची परवानगी अजून आलेली नाही, आणि भरपाईवर उत्तर दाखल करायला कंपनीच्या वकिलाने पुन्हा वेळ मागितलाय. या हंगामाची पीक पाहणी मी करून ठेवलीये.