ओके

ओके हा शब्द मुळात एक फालतू जोक आहे, आणि ही गोष्ट लोकांना काही केल्या पचत नाही. एवढा जगभर पसरलेला शब्द, कुठल्याही देशात जा, कोणाला भाषा येवो न येवो ओके सगळ्यांना कळतं, मग त्याचं कूळही तसंच भारदस्त पाहिजे ना? म्हणून कोणी सांगतं ग्रीक 'ओला काला' म्हणजे सगळं छान, त्यावरून आला, कोणी स्कॉटिश 'ऑख आय'कडे बोट दाखवतं, तर कोणी चोक्टॉ या अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या भाषेकडे. राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन यांना तर ही चोक्टॉवाली थिअरी इतकी पटलेली की कागदपत्रं मंजूर करताना ते ओ-के-ई-एच असं स्पेलिंग लिहायचे.

खरी गोष्ट अशी की १८३८-३९ च्या सुमारास बोस्टनच्या पेपरवाल्यांना शॉर्टफॉर्मचं वेड लागलं होतं. आणि साधे शॉर्टफॉर्म नाहीत हां, मुद्दाम चुकीच्या स्पेलिंगचे. म्हणजे 'ऑल राइट' आधी 'oll wright' असं वेडंवाकडं लिहायचं आणि मग त्याचं 'ओ डब्ल्यू' करायचं. त्याच खेळात 'ऑल करेक्ट'चं झालं ओ के, आणि २३ मार्च १८३९ च्या 'बोस्टन मॉर्निंग पोस्ट'मध्ये ते छापून आलं. "सगळं बरोबर" सांगणाऱ्या शब्दात दोन अक्षरं आणि दोन्ही चूक, जोक एवढाच. आत्ताची पोरं चॅटवर काय भाषा लिहितात म्हणून जे कपाळाला हात लावतात त्यांनी हे जरूर वाचावं.

बाकीचे असले शॉर्टफॉर्म यथावकाश मेले, ओ डब्ल्यू आज कोणाला माहीतही नाही. ओकेही मेला असता पण मध्येच इलेक्शन आली. १८४० मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष मार्टिन व्हॅन ब्यूरन दुसऱ्यांदा उभे होते, न्यूयॉर्क राज्यातल्या किंडरहूक गावचे, म्हणून टोपणनाव 'ओल्ड किंडरहूक', झालं की ओ के! समर्थकांनी ओके क्लब काढले, विरोधकांनी उलटं पसरवलं की आधीचे राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांना स्पेलिंग येत नव्हतं, ते कागदांवर 'ऑल करेक्ट' असंच चुकीचं लिहायचे, त्यातून हे आलं. टीकेतून का होईना शब्द सगळीकडे पोचला. ब्यूरनसाहेब पडले. प्रचाराचा फायदा उमेदवाराला कमी आणि शब्दालाच जास्त झाला.

पुढे तारखात्याने त्याला कामाला लावलं, मेसेज नीट मिळाला की ओके, आणि मग जोक वगैरे सगळे विसरलेच. १९६० च्या दशकात ॲलन वॉकर रीड नावाच्या प्राध्यापकांनी जुने पेपर चाळून चाळून हा सगळा माग काढला, पुराव्यासकट छापला. तरी ग्रीक आणि चोक्टॉवाले आहेतच. मला तर खरी गोष्टच जास्त आवडते, पण लोकांना शब्दाचा बाप विदूषक निघालेला चालत नाही त्याला काय करणार.

कॉम्प्युटरमधल्या ओके बटणाची गोष्ट पण भारी आहे. ॲपलचा लिसा कॉम्प्युटर बनत होता तेव्हा त्या बटणावर आधी 'डू इट' लिहिलेलं होतं, पण टेस्टिंगला आलेला एक माणूस चिडला कारण त्याने ते 'डोल्ट' असं वाचलं, म्हणजे मठ्ठ! मग बटणावर ओके आलं.

अर्थ मात्र घसरत चाललाय. सगळं बरोबर पासून सुरुवात, आणि आता पिक्चर कसा होता विचारल्यावर कोणी "ओके होता" म्हणालं की तिकीट काढायचं नाही हे आपण समजतो. चॅटवर तर अजून बारकावे, 'ओकेऽऽ' म्हणजे खुशीत, ओके पुढे पूर्णविराम म्हणजे काहीतरी बिनसलंय, आणि ज्याला टाइप करायचाही कंटाळा तो नुसता 'के' पाठवतो. म्हणजे 'करेक्ट'चं तेवढं एक अक्षर उरलं, आणि इंग्रजीत करेक्टला सी लागतो.