जानेवारीतला मेळावा आणि रविवारचा एक तास

नवापूरच्या आमच्या ख्रिस्ती मंडळीतील तरुण संघाचा वार्षिक मेळावा नाताळानंतर, जानेवारीच्या दुसऱ्या शनिवारी भरतो. हा दिवस ठरण्याचे कारण असे की, १९९७ सालच्या जानेवारीत गावातील केबलचालकांनी आपल्या स्थानिक वाहिनीवरचा रविवार संध्याकाळचा एक तास आम्हाला दिला. त्या तासाला रीतसर नाव कधी ठेवले गेले नाही. घरोघरी त्याला ‘टीव्हीवरची उपासना’ एवढेच म्हणत.

केबलवाले भाऊ आमच्या मंडळीतले नव्हते. १९९५च्या कायद्याप्रमाणे त्यांची टपाल कार्यालयात नोंदणी झालेली होती, आणि कोणत्याही धर्मावर टीका होईल असे काही दाखवायचे नाही, हा नियम त्यांनी पहिल्याच दिवशी आम्हाला समजावून सांगितला. आम्हाला तो मनापासून मान्य होता. पुढे प्रत्येक मेळाव्यात पहिली शाल त्यांच्याच खांद्यावर पडत असे.

त्यांच्या माळ्यावरच्या खोलीत एक व्हीसीआर आणि त्यातील चित्र ठरलेल्या चॅनेलवर चढवणारा मॉड्युलेटर, एवढेच आमचे केंद्र होते. लग्नांचे चित्रीकरण करणारा आमच्यातलाच एक जण खांद्यावरच्या व्हीएचएस कॅमेऱ्याने भजने, साक्षी म्हणजे श्रद्धेचे अनुभवकथन, आणि शब्बाथ शाळेच्या, म्हणजे धर्मशिक्षणाच्या वर्गातल्या, मुलांनी पाठ म्हटलेली वचने टिपून आणी. खांबांवरच्या, संदेश वाढवणाऱ्या एकेका बूस्टरमधून पुढे जाताना चित्रात खरखर मिसळत जाई, त्यामुळे खोलीजवळच्या घरांत ते स्वच्छ दिसे आणि तारेच्या टोकाच्या वस्तीत पडद्यावर नुसत्या मुंग्या येत. पाड्यांवर तर तारच पोहोचली नव्हती. ज्यांची गाणी आम्ही टिपून आणली होती, त्यांतल्या निम्म्या लोकांनी स्वतःला पडद्यावर पाहिलेच नव्हते, आणि म्हणूनच मेळाव्याची एवढी ओढ असे.

सकाळच्या गाडीने व्यारा-सोनगडचे पाहुणे उतरत. आमचे स्टेशन अर्धे महाराष्ट्रात आणि अर्धे गुजरातेत असल्यामुळे मेळाव्यातही मराठी, गुजराती आणि मावची अशा तिन्ही भाषांतील गाणी ऐकू येत. दुपारी भात आणि नवापूरच्या तुरीच्या डाळीचे वरण असे. त्या वरणाची चव मला दुसऱ्या कोणत्याही पंगतीत सापडलेली नाही. अंधार पडला की मांडवाच्या चार खांबांशी चार रंगीत टीव्ही ठेवून ते एकाच व्हीसीआरला जोडले जात आणि वर्षभरातले निवडक चित्रण सुरू होई. एका वर्षी कापणीच्या सणात गायिलेले मावची गाणे लागले, तेव्हा ते गाणारी म्हातारी मावशी पुढच्याच रांगेत बसलेली होती. पडद्यावरच्या स्वतःकडे ती क्षणभर पाहत राहिली, मग पदर सावरून उभी राहिली आणि पडद्यावरच्या आवाजाच्या अर्धी मात्रा मागून गाऊ लागली. पुढच्या कडव्याला सारा मांडव पडद्याला सोडून तिच्या मागे गेला.

याच मेळाव्याशी माझे एक दुःखही बांधलेले आहे. नंदुरबार जिल्हा वेगळा झाला त्या १९९८ सालच्या पावसाळ्यात आमचे पाळकसाहेब वारले. त्यांचा शेवटचा संदेश आमच्याकडे चित्रित होता आणि ती कॅसेट माझ्या ताब्यात होती. व्हीएचएस कॅसेटच्या कडेला प्लास्टिकची एक लहानशी पट्टी असते. ती तोडली की त्या कॅसेटवर पुन्हा चित्रण करता येत नाही. मी ती तोडायची विसरलो, आणि घाईत तीच कॅसेट एका लग्नासाठी वापरली गेली. ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांची भजने पाळकसाहेब ज्या संथ आवाजात सांगत, तो आवाज आज कुठेही ऐकायला मिळत नाही.

पुढच्या जानेवारीत, १९९९च्या मेळाव्यात, मी उभा राहून हे सर्वांसमोर सांगितले. मला कोणीही बोल लावला नाही. पाळकसाहेबांच्या पत्नीने त्या वर्षीची कॅसेट मागून घेतली आणि स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने तिची पट्टी आपल्या हाताने तोडली. तेव्हापासून प्रार्थनेच्या आधी वर्षाच्या कॅसेटची पट्टी मंडळीसमक्ष तोडण्याची रीत पडली. त्या शांततेत तो ‘कट्’ आवाज मागच्या रांगेपर्यंत ऐकू जाई. २००८ नंतर चित्रण डीव्हीडीवर होऊ लागले आणि ही रीत थांबली. पुढे जुनी केबल बंद करून सर्वत्र सेट टॉप बॉक्स बसवण्याची शेवटची मुदत ३१ मार्च २०१७ ही ठरली, आणि भाऊंच्या माळ्यावरून चालणारी वाहिनीही त्या सुमारास थांबली.

मेळावा मात्र चालू आहे. तोडलेल्या दहा पट्ट्या मी स्टीलच्या एका डबीत ठेवल्या आहेत. यंदा ती डबी शब्बाथ शाळेच्या मुलांत फिरवली, तेव्हा हे तुकडे कशाचे, असे एका मुलीने विचारले. मग जुना व्हीसीआर काढला, त्याचे हेड स्पिरिटने पुसले आणि बुरशीतून वाचलेली एक कॅसेट लावली. चित्र बराच वेळ थरथरत राहिले, पण मावशीचा आवाज स्वच्छ होता, आणि दुसऱ्या कडव्याला मागच्या बाजूच्या पाड्यांवरच्या बायका उठून उभ्या राहिल्या.