सा लावला, रे निघाला

(माजी विद्यार्थिनी, दहावी 1986)

माठ घ्यायला गेलं की आई आधी टिचकी मारून बघायची. खणखणीत वाजला तर घ्यायचा. बद्द वाजला तर कुठेतरी तडा आहे, पुढचा बघायचा. माती बोलते हे मला असं आईकडून कळलं. ती गाते हे कळलं आपल्या शाळेत, मागच्या अंगणातल्या नळाशेजारच्या हौदापाशी, कार्यानुभवाच्या तासाला. स्मरणिकेसाठी लिहा असा निरोप आला तेव्हा बाकी काही आठवायच्या आधी मला त्या हौदातल्या मुरलेल्या मातीचा वास आला.

आम्ही आठवीत होतो. तोवर मातीकाम म्हणजे पणत्या, आंबा आणि सीताफळ. त्या वर्षी सरांनी प्रत्येकाच्या हातावर मोसंबीएवढा गोळा ठेवला आणि म्हणाले, "याची शिट्टी करायची. नुसती वाजणारी नाही, सुरात वाजणारी." गोळ्याच्या दोन वाट्या करायच्या, कडा ओरखडून पातळ चिखल लावायचा आणि जोडून पोकळ गोळा करायचा. आइस्क्रीमची चपटी काडी खुपसून फुंकर जायची वाट पाडायची. ही वाट जिथे संपते तिथे खाली एक छोटी खिडकी आणि खिडकीच्या पलीकडच्या कडेला तासून केलेली धार. सगळी मेख त्या धारेत आहे. फुंकर तिच्यावर आपटून थोडी आत, थोडी बाहेर जायला हवी. केसभर वरखाली झालं की नुसतं फुसफुस.

माझी शिट्टी तीन तास फुसफुसतच राहिली. रडकुंडीला आले होते. सरांनी ती उजेडाकडे धरली, एक डोळा मिटून काडीच्या वाटेतून आत पाहिलं आणि माझ्याच केसांतली पिन मागितली. पिनेने धारेच्या आतल्या बाजूची पापुद्र्याएवढी माती काढली, शिट्टी माझ्या हातात दिली. "आता फुंक. हळू." आणि ती वाजली! घुबडासारखा गोल, गार आवाज. तो आवाज मी अजून विसरलेले नाही.

मग भोकं. आमच्या वर्गात बासरी शिकणारा एक मुलगा होता. तो पट्टीने अंतरं मोजू लागला. सर म्हणाले, "इथे जागा मोजायची नाही, आकार मोजायचा." बासरीत हवेचा लांबट खांब कमीजास्त होतो, म्हणून भोक कुठे आहे याला महत्त्व. इथे पोटातली सगळी हवा एकत्र स्प्रिंगसारखी आत-बाहेर हलते. पोट मोठं तर सूर खाली, उघडं तोंड मोठं तर सूर वर. त्या मुलाला पटेना. त्याने मुद्दाम बुडाशी भोक पाडलं, तरी सूर वर चढलाच. चार भोकं आम्ही पेनच्या टोपणाने थोडीथोडी रुंद करत पेटीशी जुळवली. सगळी बंद तर सा, मग एकेक उघडत रे, ग, प, ध. चार भोकांत अख्खा भूप राग!

श्रावण होता. शिट्ट्या घेऊन आम्ही कसब्यातल्या कुंभारवाड्यात गेलो. तिथल्या कुंभारमामांनी एक शिट्टी गालाला लावली. "गार लागतीय. आत पाणी आहे अजून. आठ दिवस थांबा." आम्हाला दम कुठला? आम्ही गळ घातली, त्यांनी नाइलाजाने आव्यात घेतल्या. 22 शिट्ट्यांपैकी 13 फुटल्या. आतल्या पाण्याची वाफ झाली आणि वाट मिळेना तेव्हा मातीच फोडून बाहेर पडली. हवा कोंडते म्हणून फुटतात असं आम्हाला वाटायचं. पण हवेला जायला भोकं होतीच की.

उरलेल्या 9 घेऊन पेटीपुढे बसलो तर दुसरा धक्का. काळी एकचा सा लावला होता, निघाला जवळजवळ रे. सरांनी खिशातून मातीची एक भाजलेली पट्टी काढली. ओली असताना तिच्यावर त्यांनी बरोबर 10 सेंमीची रेघ मारली होती. आता मोजली तर 9 सेंमी 1 मिमी. वाळताना आणि भाजताना माती आकसते, पोट लहान होतं, सूर चढतो. म्हणजे सा हवा असेल तर ओल्या मातीत त्याच्या खालच्या कोमल नीच्या किंचित वर लावायचा आणि विश्वास ठेवायचा. दुसऱ्या खेपेला आम्ही तसंच केलं, आणि गालाला लावून पाहिल्याशिवाय एकही शिट्टी आव्यात दिली नाही.

गॅदरिंगला आम्ही सात जण भूप वाजवायला उभे राहिलो. साथीला एकीने मांडीवर माठ घेतला होता. घरचा माठ पातळ असतो, तो काही दक्षिणेतला घटम नव्हे. तमिळनाडूतल्या मानामदुरैचा घटम मुद्दाम जाड आणि वजनदार घडवतात. तरी तोंडावर तळवा मारल्यावर त्यातून जो घुमार निघाला त्याने सभागृह शांत झालं. कोकणातून आलेली आमची एक मैत्रीण म्हणाली, गावाला गणपतीच्या आरतीला घुमट वाजतं अगदी तसं. तेही मातीचंच, एका तोंडावर कातडं ताणलेलं.

पुष्कळ वर्षांनी वाचलं की आमच्या शिट्टीला परदेशात ऑकारिना म्हणतात, आणि इटलीतल्या बुद्रिओ गावी जुझेप्पे दोनाती याने 1853 साली तिला आजचं रूप दिलं. तेव्हा तो जेमतेम सोळा-सतरा वर्षांचा होता! आमच्यापेक्षा दोन-चार वर्षांनीच मोठा.

मध्यंतरी शाळेत आले होते. हौद बुजवून तिथे फरशी घातली आहे, सायकली लागतात. मनापासून वाईट वाटलं. नव्या इमारतीचा आराखडा होतो आहे असं कळलं, म्हणून संचालक मंडळाला या लेखातूनच विनंती करते: नळाजवळ चार फुटांचा एक हौद ठेवा. मातीची सोय मी करते. कुंभारकाम आता केशवनगरला जास्त चालतं, तिथून आणता येईल. शनिवारी मुलांबरोबर बसायलाही मी येईन.

सर निवृत्त होताना ती पट्टी त्यांनी मला दिली होती. कार्यक्रमाच्या दिवशी घेऊन येते, ती शाळेत राहू दे. रेघेवर त्यांच्या नखाची खूण अजून दिसते.