तुम्ही विचारलंत म्हणून: नदी आटली की मरळ जातो कुठे?

मी अमळनेरकडचा, माशांचं वेड सगळ्यांना माहिती, त्यामुळे मे महिना लागला की कोणीतरी विचारतंच, "भाऊ, बोरी आटनी, मंग मरळ कथा जास?" आणि पाऊस झाला की पुढचा प्रश्न, तो आला कुठून. काही जण तर ठासून सांगतात आभाळातून पडतो. नाही पडत हो.

तो फारसा जातच नाही. मरळाच्या डोक्यात कल्ल्यांच्या वर हवा धरायची पोकळी असते, तोंड वर काढून तो चक्क हवा घेतो, आणि मोठ्या मरळाला वर येऊच दिलं नाही तर पाण्यात असूनही गुदमरून मरतो. म्हणूनच रोहू-कटला जिथे टिकणार नाही अशा गढूळ, कोमट डबक्यात हा मजेत. डबकंही आटायला लागलं की गाळात शिरतो, अंगाला ओल राहिली तर बरेच दिवस तग धरतो. बाकीचे डोहात, बंधाऱ्यामागे उरलेले असतात, पाणी जोडलं गेलं की पसरतात, ओल्या गवतातून सरपटत थोडं अंतर कापायलाही कमी करत नाहीत.

अर्थात सगळ्या मरळांचं सारखं नसतं. साधा मरळ उथळ, चिखलाच्या पाण्यातला. मोठा मरळ, चन्ना मारुलियस, त्याला खोल डोह आणि धरणं लागतात. आणि वीतभरही नसणारा चन्ना गाचुआ डोंगरातल्या ओढ्यांमध्ये, त्याचा नर पिल्लं तोंडात सांभाळतो!

हे चॅनिडी घराणं इराणपासून चीन, कोरियापर्यंत पसरलंय, आशियात पन्नासच्या आसपास जाती, त्यातल्या भरपूर आपल्या ईशान्येकडे आणि म्यानमारमध्ये. आफ्रिकेत मात्र फक्त तीन, त्या पश्चिम-मध्य भागात आणि नाईलकडे. सगळे उष्ण भागातलेच असं समजू नका, चन्ना आर्गस रशियाच्या अमूर नदीत बर्फाखाली हिवाळा काढतो.

तोच २००२ मध्ये अमेरिकेत मेरीलँडमधल्या क्रॉफ्टनच्या तळ्यात सापडला, कोणीतरी जिवंत विकत घेऊन सोडलेला. हा तिथला मासा नाही, तिथले मासे खाऊन फस्त करेल या भीतीनं तळ्यात विष टाकून मारले, पण २००४ मध्ये पोटोमॅक नदीत निघालेच. आपल्याकडे बाजारात जिवंत मरळ दिसला की लोक भाव न विचारता पिशवी पुढे करतात, तिकडे सांगतात की सापडला तर परत पाण्यात सोडू नका, मारून टाका.