गरम पाणी, खारं पाणी: आमची वाटचाल

आमचा धंदा नेमका कसला, हे पाहुण्यांना सांगताना अजून अडखळायला होतं. यात्रा कंपनी म्हणावं तर आम्ही देवदर्शन घडवत नाही, सहलवाले म्हणावं तर गाडीत अंताक्षरी होत नाही. माणसांना पुण्याहून कोकणात न्यायचं, एकदा गरम पाण्यात आणि एकदा समुद्रात डुंबवायचं, मधल्या वेळात काही म्हणता काही करू द्यायचं नाही आणि घरी आणून सोडायचं. 2009 पासून आम्ही एवढंच करतो.

पहिल्या दिवशी ताम्हिणीने उतरून माणगाव, महाड, कशेडी, भरणे नाका करत दापोलीकडे वळायचं आणि कर्द्याला मुक्काम. दुसऱ्या दिवशी उन्हवऱ्याचं कुंड. तिसऱ्या दिवशी दाभोळहून फेरीबोटीने गाडीसकट धोपाव्याला उतरून गुहागर. चौथ्या दिवशी चिपळूणवरून आरवलीचं कुंड, मग मागे फिरून कुंभार्ली घाट चढायचा. चार दिवसांत कुंडं दोन, किनारे दोन. “वाटेत सव आहे, पुढे तुरळ आहे, राजवाडी आहे, तीही दाखवा ना,” असं दर खेपेला कोणीतरी म्हणतंच. दाखवत नाही. गरम पाण्यातून निघालेल्या माणसाला झोप लागली पाहिजे, आणि त्याला गाडीत कोंबून पुढच्या कुंडावर नेलं तर ती लागत नाही.

सुरुवातीला तिघं होतो. मी, ड्रायव्हर मामा आणि एक भागीदार. भागीदाराचं नाव लिहीत नाही. ओळखणारे ओळखतील, आणि तोही वाचेलच.

हत्यारं म्हणाल तर दोन. पहिलं म्हणजे काचेचा थर्मामीटर, दूधडेअरीत वापरतात तसला. उन्हवऱ्याच्या मूळ झऱ्याचं पाणी 70 अंशांच्या घरात असतं, पाय भाजेल असं. कुंडात येईपर्यंत ते निवतं, पण किती निवलंय ते रोज वेगळं. मी सकाळी लवकर जाऊन कुंडाच्या चारही कोपऱ्यांत दोरीने थर्मामीटर सोडतो आणि मनात शंभर मोजतो. वर काढताना काच धुरकट झालेली असते, बोटाने पुसून पारा बघावा लागतो. झऱ्याच्या तोंडाशी आणि समोरच्या कोपऱ्यात पाच-सहा अंशांचा फरक मी स्वतः पाहिलाय. वयस्कर माणसं कुठे बसवायची ते त्यावरून ठरतं. आरवलीला हा व्याप नसतो, तिथलं पाणी मुळातच सोसवेल असं आहे.

दुसरं हत्यार पंचांग. ज्यांच्या लग्नमुंजी व्हायच्यात त्यांनी मुहूर्त बघावेत, मी तिथी बघतो. तिथीचा आकडा घ्यायचा, त्याची पाऊणपट करायची, की भरतीची वेळ मिळते. अष्टमी असेल तर आठाचे पाऊणपट सहा. म्हणजे सहाच्या सुमाराला भरती, बाराच्या सुमाराला ओहोटी. वद्यात पुन्हा एकपासून मोजायचं. दहा-वीस मिनिटं इकडेतिकडे होतात, पण गाडी कधी काढायची ते ठरवायला पुरतं. आमचा नियम असा की ओहोटी संपता संपता वाळूवर पोचायचं, भरती लागली की पाण्यात उतरायचं, तेही कमरेपर्यंत. ओहोटीचं पाणी माणसाला आत ओढतं, भरतीचं काठाकडे लोटतं. मामा हरणैचे. हे गणित त्यांनी मला शिकवलं आणि मी भागीदाराला शिकवायला गेलो, तर तो म्हणाला, “तू बघ रे ते, मी गिऱ्हाईक बघतो.”

2010 ते 2014 बद्दल लिहिण्यासारखं काही नाही. गाडी जायची, यायची.

भागीदाराशी पहिला खटका उडाला तो ज्वालामुखीवरून. लोक विचारायचे, पाणी गरम कशाने? मी सांगायचो, पावसाचं पाणी खडकाच्या भेगांतून खोल जातं, खाली जमिनीचीच उष्णता आहे त्याने तापतं आणि दुसऱ्या भेगेने वर येतं. पालघरपासून राजापूरपर्यंत साडेतीनशे किलोमीटरच्या पट्ट्यात असे झरे ओळीने आहेत, त्यांच्याखाली ज्वालामुखी पेटलेला नाही. भागीदार मात्र माइक घेऊन सांगायचा, “खाली लाव्हा उकळतोय मंडळी!” लोक आ वासून ऐकायचे. मी एकदा सगळ्यांसमोर खोडलं. नको होतं खोडायला, बाजूला घेऊन बोलायला हवं होतं. पण माझं म्हणणं चूक होतं असं मी आजही म्हणणार नाही.

2015 च्या पावसाळ्यात तो वेगळा झाला. जाताना गिऱ्हाइकांची वही घेऊन गेला. सहा वर्षांची नावं, फोन, कोणाला गुडघेदुखी आहे, कोणाला आंबोळी चालते पण पोहे चालत नाहीत, सगळं माझ्या अक्षरात. भागीदारीत धंदा करणाऱ्यांना सांगून ठेवतो, गल्ला एक वेळ त्याच्याकडे राहू द्या, वही आपल्या उशाशी ठेवा.

दिवाळीत त्याचं पत्रक निघालं. “दोन दिवसांत पाच कुंडं, तीन किनारे!” दर आमच्यापेक्षा 900 रुपयांनी कमी. गाडी आमच्यासारखीच पांढरी टेम्पो ट्रॅव्हलर, काचेवरची पट्टीसुद्धा निळी. आणि नाताळच्या सहलीचं वेळापत्रक शब्दाला शब्द माझं, आदल्या वर्षीचं. ‘मुरुड’च्या ‘रु’चा मी ‘रू’ केला होता, तो ‘रू’सुद्धा तसाच.

आता नीट ऐका. माझ्या 2014 च्या पत्रकात 27 डिसेंबरला लिहिलं होतं, “सकाळी साडेदहाला कर्द्याच्या वाळूवर.” का, तर त्या दिवशी षष्ठी होती. सहाचे पाऊणपट साडेचार, म्हणजे साडेदहाला ओहोटी. तारीख तीच राहिली तरी पुढच्या वर्षी तिथी अकराने सरकते. 2015 च्या 27 डिसेंबरला आली वद्य द्वितीया. भरती दुपारी दीडला, तीही पौर्णिमेनंतरच्या उधाणाची. याची गाडी बरोबर साडेदहाला वाळूवर. नुसती काठावर नव्हे, पार पाण्यापर्यंत नेलेली, कारण प्रवाशांना फोटो हवे होते. त्या वेळी पाणी सगळ्यात वेगाने चढत असतं.

आम्ही त्याच दिवशी कर्द्याला होतो, पण वरच, घराच्या ओटीवर. द्वितीयेला दुपारी समुद्राशी काय काम? मामा गूळ-शेंगदाणे खात बसले होते. त्यांनीच आधी पाहिलं. म्हणाले, “अहो, ती आपली गाडी काय?” आपली अंगणात उभी होती. आम्ही पळत गेलो तेव्हा मागची चाकं निम्मी वाळूत रुतलेली, ड्रायव्हर रेस करतोय आणि चाक अजून खाली जातंय. मामांनी त्याला हाताला धरून खाली उतरवलं. टायरमधली हवा कमी केली, घरच्या काकूंच्या चटया चाकाखाली घातल्या. त्या चटया अजून मला भरून द्यायच्यात. पायरीला पाणी लागलं तेव्हा सामान हातोहात बाहेर काढलं. शेवटी गावातला ट्रॅक्टर आला, दोर एकदा तुटला, दुसऱ्यांदा गाडी निघाली. माणसं सगळी धड होती. भागीदार तिथे नव्हता, पुण्यात बसून बुकिंग घेत होता.

आणि फोटो कसला फिरला? पांढरी गाडी, निळी पट्टी, लाटा पायरीवर, आणि शेजारी दोर धरून मी! दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तो अख्ख्या पुण्याच्या व्हॉट्सॲपवर. प्रजासत्ताक दिनाच्या दोन्ही गाड्या रद्द झाल्या. मी एकेकाला फोन करून सांगत होतो की ती आमची नव्हे, आम्ही ओढायला गेलो होतो. लोक “हो हो” म्हणायचे आणि आगाऊ रक्कम परत मागायचे. त्याने मात्र एकदाही जाहीर सांगितलं नाही की गाडी माझी. अजूनही सांगितलेलं नाही. ऑगस्ट 2016 मध्ये महाडला सावित्रीवरचा पूल वाहून गेला, त्यात एसटीच्या दोन बसगाड्या गेल्या, आणि उरलेसुरले लोकही कोकणाचं नाव काढेनात. आम्ही दुसरी गाडी विकली. मामांनी चार महिने पगार घेतला नाही. मी दिला नव्हता असं म्हणणं जास्त खरं.

तेव्हा बाई उभ्या राहिल्या. निवृत्त शिक्षिका, आमच्या पहिल्या गाडीतल्या. गुडघे पार गेलेले, पण कुंडात उतरताना कोणाचा हात धरत नाहीत. पहिल्याच खेपेला त्यांचे चांदीचे पैंजण उन्हवऱ्याच्या पाण्याने काळे पडले होते. पाण्यात गंधक असतं, चांदीचं ते होणारच, आणि आधी सांगायचं मी विसरलो होतो. दुसरं कोणी भांडलं असतं. बाई पैंजण उलटेपालटे बघत म्हणाल्या, “म्हणजे पाणी खरं आहे.” त्यांचाही नंबर त्या वहीत होता, त्यांनाही 900 रुपये कमीचा फोन गेला होता. 2016 च्या नोव्हेंबरात त्या घरी आल्या, सतराच्या सतरा जागांचे पैसे टेबलावर ठेवले. अख्खं भजनी मंडळ! त्यातल्या निम्म्या बायका आजही आमच्या गाडीत आहेत.

2020 चं सगळ्यांचं झालं तेच आमचं. बँकेने सहा महिने हप्ते पुढे ढकलले, व्याज ढकललं नाही. 3 जूनच्या वादळात काकूंच्या वाडीतल्या पोफळी आडव्या झाल्या आणि ओटीवरची कौलं गेली. हंगामासाठी दिलेली आगाऊ रक्कम मी परत मागितली नाही, त्यांनी चटयांचा विषय काढला नाही.

येणाऱ्यांनी काही गोष्टी लक्षात ठेवा. चांदी घरी ठेवा. जेवून लगेच कुंडात उतरू नका. एका वेळी दहा-पंधरा मिनिटं पुरे, मग काठावर बसा. हृदयविकार, रक्तदाब किंवा दिवस गेलेले असतील तर आधी डॉक्टरांना विचारा, मला नको. साबण आणलात तर मी काढून घेईन. गणपतीपुळ्याला पाण्यात उतरू द्या म्हणून हट्ट धरू नका, तिथला किनारा फसवा आहे आणि कित्येक जीव गेलेत. समुद्राने ओढलंच तर किनाऱ्याकडे झगडू नका, किनाऱ्याला समांतर पोहत बाजूला निघा. आणि मुलांची लग्नं ठरवताना पत्रिका बघता तसं सहल ठरवताना भरती बघा, दर नंतर.

गेल्या डिसेंबरात त्याचा फोन आला. नऊ वर्षांनी. तब्येत विचारली, मामांची विचारली, मग म्हणाला, “रविवारी गुहागरला ओहोटी किती वाजता रे?” मी पंचांग उघडलं, वेळ सांगितली, फोन ठेवला. पाऊणपटीचं बोललो नाही. आता वर लिहून बसलोय, वाचेल तर वाचेल.

बाईंचं मंडळ माघात निघतंय. गाडीत दोन जागा आहेत.