दहा मिनिटांत सतरा मिनिटं

शनिवार, रात्री दीड. आत्ताच गेम संपला, झोप काही येत नाहीये, म्हणून लिहून ठेवतोय, नाहीतर उद्या आकडे विसरून जाईन.

गेली चार वर्षं दर शनिवारी आम्ही आठ जण एज ऑफ एम्पायर्स २ हा सैन्य उभारून लढायचा पीसी गेम नेटवरून खेळतो, डेफिनिटिव्ह एडिशन (नवी आवृत्ती), चार विरुद्ध चार. सांगलीचा दादा म्हणजे माझा चुलतभाऊ, कोल्हापूरचा एक मित्र, बाकीचे पुण्याचे, आणि मी डोंबिवलीत. पाऊण तास झाला की सगळं जड व्हायचं, घोडे चिखलातून चालल्यासारखे चालायचे, आणि आम्ही सगळे नेटला शिव्या घालायचो. एप्रिलमध्ये एकदा मी मोबाइलवर स्टॉपवॉच लावून बसलो. आमचा गेम १.७ स्पीडवर असतो, म्हणजे भिंतीवरच्या घड्याळात दहा मिनिटं झाली की गेमच्या घड्याळात सतरा व्हायला पाहिजेत. झाली बारा.

मग कारण शोधत बसलो. १९९७ च्या पहिल्या एजपासून ह्यांची पद्धत अशी की कुठला सैनिक कुठे उभा आहे हे नेटवरून पाठवतच नाहीत, फक्त कोणी काय हुकूम दिला तेवढंच जातं, आणि पुढची सगळी लढाई प्रत्येकाचा पीसी आपापली मोजतो. तेव्हाच्या फोन लाइनवरच्या २८.८ केबीपीएसच्या हळू मॉडेमवर शेकडो सैनिक पाठवणं शक्यच नव्हतं. पण त्यामुळे सगळ्यांना एका तालात चालावं लागतं, दिंडी जशी सगळ्यात हळू चालणाऱ्याच्या चालीने जाते तसं. आठ जणांचे प्रत्येकी २००, म्हणजे १६०० जीव, आणि ते मोजताना सगळ्यात मागे पडत होता माझा पीसी. दादाला फोन केला तर म्हणाला, "माहितीये रे, दिसतं ते आम्हाला. पण तू हौसेने खेळतोस, तुला कशाला बोलायचं?" हे फार लागलं मला. चार वर्षं सात माणसं माझ्यासाठी थांबत होती आणि कोणी चकार शब्द काढला नाही.

दिवाळीत मी नवीन ग्राफिक्स कार्ड घेतलं होतं. झाडं छान दिसायला लागली, स्पीड तसूभरही वाढला नाही. स्ट्रॅटेजी गेममध्ये थांबायला लावतो तो प्रोसेसर आणि रॅम, हे तेव्हा कोणीतरी सांगायला हवं होतं.

मे महिन्यात कॅबिनेट उघडलं. ब्रशने धूळ काढता काढता लक्षात आलं की रॅमच्या दोन्ही काड्या शेजारशेजारच्या स्लॉटमध्ये आहेत. ह्या मदरबोर्डवर प्रोसेसरकडून मोजत दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये पाहिजेत, तरच दोन्ही चॅनेल, म्हणजे रॅम आणि प्रोसेसरमधल्या दोन्ही वाटा, चालतात. शिवाय काड्या ३२०० स्पीडच्या आणि टास्क मॅनेजरमध्ये २१३३, कारण बायोसमधलं (बोर्डच्या मूळ सेटिंगमधलं) एक्सएमपी, म्हणजे रॅम तिच्या पूर्ण स्पीडवर चालवायची सेटिंग, कधी चालूच केलेलं नव्हतं. ज्या दुकानातून पीसी जोडून घेतला त्यांनी पैसे ३२०० चे घेतले होते! काड्या हलवल्या, एक्सएमपी चालू केलं, तर स्क्रीन काळीच. सेटिंग पुसली जावी म्हणून बोर्डवरचा सीमॉसचा गोल सेल काढून पाच मिनिटं थांबलो, परत लावला, ह्यावेळी १.३५ व्होल्टवर ३००० ठेवलं आणि चाललं. सिव्हिलायझेशन ६ ह्या दुसऱ्या स्ट्रॅटेजी गेममध्ये एआयच्या, म्हणजे कॉम्प्युटर स्वतः खेळतो त्या, चालींचा वेळ मोजणारा वेगळा बेंचमार्क आहे, त्यात एक चाल सरासरी १०.८ सेकंदांवरून ९.५ वर आली. एक रुपया खर्च न करता.

मग ओव्हरक्लॉकिंगचा, म्हणजे प्रोसेसर ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने पळवायचा, नाद लागला. माझा प्रोसेसर रायझन ५ २६००, बूस्ट (कंपनीने दिलेला कमाल वेग) ३.९ गिगाहर्ट्झचा, मी सगळ्या सहा कोअरना ४.१ दिला. रात्री दोन तास टेस्ट चालवली, सगळं हिरवं. आणि शनिवारी भर दुपारी, वरच्या मजल्यावरची खोली तापलेली, मॅच ऐन रंगात असताना पीसी बंद पडला, दादाची डावी बाजू उघडी पडली आणि आमचा डाव गेला. रात्री पास झालेली सेटिंग डोंबिवलीच्या मे महिन्यात दुपारी पास होतेच असं नाही, टेस्ट त्याच वेळी त्याच खोलीत घ्यायची. ४.० वर आणलं, मग टिकलं. चाल ९.१ सेकंद. एवढी रात्र जागून चार दशांश.

शेवटी प्रोसेसरच बदलायचं ठरवलं. बोर्ड बी४५० आहे, त्यात रायझन ७ ५७००एक्स३डी बसतो. लॅमिंग्टन रोडला गेलो, येताना ग्रँट रोडहून दादर, दादरला गाडी बदलून डोंबिवली, सगळा वेळ बॉक्स मांडीवर. बायोस आधी अपडेट केला, जुना प्रोसेसर असतानाच, कारण जुन्या बायोसला नवा ओळखूच येत नाही, आणि मधेच लाइट गेली तर बोर्ड मेला म्हणून यूपीएस लावून. मग पीसी अर्धा तास गेमवर चालवून प्रोसेसर आणि कूलरमधली पेस्ट गरम केली, बंद करून प्लग काढला, कूलर हळूहळू डावीकडे उजवीकडे फिरवत सोडवला. थंड असताना सरळ ओढला तर प्रोसेसर कूलरला चिकटून सॉकेटमधून उपटून येतो, खाली १३३१ पिना. आई दारात उभी होती, म्हणाली, "श्वास तरी घे रे." कूलर सुटला तेव्हा प्रोसेसर जागेवरच होता, मग घेतला.

नव्याचा बूस्ट ४.१, म्हणजे वेग जवळपास तेवढाच जेवढा मी जुन्यातून पिळून काढत होतो. तरी चाल ६.९ सेकंदांवर! सगळी करामत कॅशची, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्याच जलद मेमरीची, २६०० मध्ये एल३ कॅश १६ एमबी, ह्यात ९६, चिपवर चिप रचून बसवलेली. मिसळणाचा डबा ओट्यावर असला की दर फोडणीला माळ्यावर चढावं लागत नाही ना, तसं. ह्याचा वेग कंपनीनेच लॉक केलाय, ओव्हरक्लॉक होत नाही, आणि मला त्याची गरजही वाटली नाही.

आज पाऊण तासाच्या पुढे, दोन्हीकडून ट्रेबुशे (दगडफेकी यंत्रं) चालू असताना स्टॉपवॉच लावलं. दहा मिनिटांत सोळा. दादा म्हणाला, "आज मस्त पळतंय रे." पण सतरा नाही झाली. माझा पीसी आता मागे नाहीये हे मी दोनदा बघितलं, मागे आहे तो कोल्हापूरचा. त्याने पण पीसी दुकानातून जोडूनच घेतलाय. उद्या सकाळी त्याला फोन करतो, म्हणतो कॅबिनेट उघड आणि रॅम कुठल्या स्लॉटमध्ये आहे त्याचा फोटो पाठव.